‘डायव्हर्ट’ हा इंग्रजी शब्द मराठीत नेमका कसा उतरवावा

काही वर्षांपूर्वी लहान मुलांच्या लसीकरणाची एक माहितीपत्रिका इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. सुई टोचण्याच्या क्षणी पालकांनी मुलाचे मन ‘डायव्हर्ट’ करावे, अशी तीत एक सूचना होती आणि तिचे भाषांतर मी ‘पालकांनी मुलाचे मन वळवावे’ असे केले. पत्रिका छापून वाटली गेल्यानंतर एका परिचारिकेने ते वाक्य माझ्या नजरेला आणून दिले. तिच्या केंद्रावर आलेले एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन, सुई टोचून घेणे कसे चांगले असते हे त्याला बराच वेळ समजावत बसले होते, कारण पत्रिकेत तसेच लिहिले होते. आजोबांनी वाक्य अगदी बरोबर वाचले होते. मराठीत मन वळवणे म्हणजे समजूत घालून एखाद्याला राजी करणे. इंग्रजी वाक्याला हवे होते ते मुलाला खुळखुळा वाजवून दाखवणे, खिडकीवरची चिमणी दाखवणे, थोडक्यात त्याला क्षणभर भुलवणे.

शब्दकोशात ‘डायव्हर्ट’समोर ‘वळवणे’ हा प्रतिशब्द दिलेला असतो आणि तो चुकीचा नाही. तरीही माझे वाक्य चुकले, कारण या शब्दाला मराठीत एकच एक जोडीदार नाही. काय वळते आहे, ते मुळात कुठे निघाले होते आणि आता कुठे चालले आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय क्रियापद ठरवता येत नाही. चौथी गोष्ट इंग्रजी शब्द सांगत नाही, पण मराठी वाचक विचारतोच: ज्याचे ते होते त्याला हे मान्य होते का? भाषांतर करणारे, बातम्या लिहिणारे आणि शाळेत इंग्रजी शिकवणारे या सर्वांना उपयोगी पडेल अशा रीतीने हा शब्द मी येथे उलगडून दाखवणार आहे.

शब्दाचे मूळ आणि शेतातले चित्र

लॅटिनमधील ‘वेर्तेरे’ म्हणजे वळवणे, फिरवणे, आणि त्याच्याआधी लागलेला ‘दि’ हा उपसर्ग ‘बाजूला, वेगळीकडे’ असा अर्थ देतो. म्हणजे एका दिशेने चाललेली गोष्ट बाजूला वळवणे हा या शब्दाचा गाभा आहे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. कन्व्हर्ट, रिव्हर्ट, इन्व्हर्ट, अव्हर्ट ही सगळी त्याची भावंडे आहेत. मराठी वाचकाला आनंद व्हावा अशी गोष्ट ही की लॅटिनचा ‘वेर्तेरे’ आणि संस्कृतचा ‘वृत्’ हे धातू एकाच मुळापासून आलेले आहेत. परिवर्तन, निवृत्ती, प्रवृत्ती, आवृत्ती, वर्तुळ हे आपले रोजचे शब्द त्या ‘वृत्’पासूनच झाले आहेत. प्रवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीकडे वळणे आणि निवृत्ती म्हणजे तिच्यापासून मागे वळणे. इंग्रजी उपसर्ग बदलला की जसा अर्थ बदलतो, तसेच येथेही होते, आणि वर्गात हा शब्द शिकवताना ही दोन कुटुंबे फळ्यावर शेजारी शेजारी मांडली तर मुले ती विसरत नाहीत.

अर्थ डोळ्यांपुढे उभा करायचा असेल तर उसाच्या किंवा कांद्याच्या शेतात दारे धरणाऱ्या माणसाकडे पाहावे. पाटाने पाणी येत असते. एक सरी भरत आली की तो फावड्याने पुढच्या सरीच्या तोंडाची माती ओढतो, तोच मातीचा ओला गोळा भरलेल्या सरीच्या तोंडावर टाकतो आणि पायाने दाबतो. पाणी क्षणभर थबकते, फुगते आणि नव्या सरीत शिरते. विहिरीवरची मोटार बंद झालेली नसते, पाणी कमी झालेले नसते, त्याची ओढही तीच असते. बदलते ती फक्त वाट, आणि ती बदलणारा माणूस तेथे पाय रोवून उभा असतो. ‘डायव्हर्ट’चे सर्व अर्थ या चित्रात बसतात. आधीपासून काहीतरी वाहत असले पाहिजे, त्याला एक ठरलेले ठिकाण असले पाहिजे आणि कोणीतरी ते दुसऱ्या ठिकाणी धाडले पाहिजे. यांपैकी एखादी गोष्ट नसेल तर बहुधा तेथे वेगळा इंग्रजी शब्द हवा असतो. प्रवाह पूर्ण अडवला तर ते ‘स्टॉप’ किंवा ‘ब्लॉक’ झाले. तो आपोआप भरकटला तर ‘स्ट्रे’ किंवा ‘डीव्हिएट’ झाला.

पाणी: वळवणे की पळवणे

पाण्याच्या संदर्भात मराठीची शब्दसंपत्ती इतकी समृद्ध आहे की येथे इंग्रजी शब्दाची आठवणही होऊ नये. नदीवर आडवा बांध घालून पाणी पाटात सोडणाऱ्या बांधकामाला ‘वळण बंधारा’ म्हणतात. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, समुद्राकडे जाणारे पाणी पंप न वापरता उताराने गोदावरीच्या खोऱ्यात आणणाऱ्या योजनांना ‘प्रवाही वळण योजना’ असे नाव आहे. ही नावे सरकारी कागदांवर आहेत आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यातही आहेत. त्यांच्या जागी ‘डायव्हर्जन प्रकल्प’ लिहिण्याचे काहीच कारण नाही.

कोयनेचे उदाहरण या अर्थासाठी फार चांगले आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कराडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी निसर्गतः पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. कोयना जलविद्युत प्रकल्पात शिवसागर जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे नेले जाते, पोफळीच्या बाजूला खाली सोडून त्यावर वीज तयार होते आणि पुढे ते वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला मिळते. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. येथे इंग्रजी लेखक ‘डायव्हर्ट’ म्हणतो आणि मराठीत ‘कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवले आहे’ हे वाक्य पूर्ण, स्वच्छ आणि कोणावरही आरोप न करणारे ठरते.

आता म्हादईकडे पाहू. ही नदी कर्नाटकातील खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी या नावाने समुद्राला मिळते. तिच्या कळसा आणि भांडुरा या ओढ्यांचे पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात नेण्याच्या योजनेवरून दोन्ही राज्यांत जुना वाद आहे. त्यासाठी २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. इंग्रजी कागदपत्रांत या सर्वाला ‘डायव्हर्जन’ हा एकच शब्द आहे. गोव्यातील मराठी वाचकाला मात्र ‘म्हादईचे पाणी वळवणे’ आणि ‘म्हादईचे पाणी पळवणे’ हे दोन शब्दप्रयोग माहीत आहेत आणि त्यांतला फरक तो नीट जाणतो. वळवणे ही कृती आहे. पळवणे ही कृती आणि तिच्यावरचा निवाडा असे दोन्ही आहे. लवादाच्या निवाड्याचे भाषांतर करताना ‘पळवणे’ वापरले तर भाषांतरकाराने स्वतःचे मत दुसऱ्याच्या तोंडी घातल्यासारखे होईल. उलट, मांडवीकाठच्या आंदोलकाने संतापून काढलेले उद्गार इंग्रजीतून परत मराठीत आणताना कोरडे ‘वळवणे’ लिहिले तर त्याचा संताप गाळला जाईल. इंग्रजी शब्द सारखा दिसला तरी बोलणारा कोण आहे, हे पाहूनच येथे निवड करावी लागते.

एक खबरदारी येथेच सांगतो. ‘वळणाचे पाणी वळणावर जाणार’ ही म्हण या विषयाशी जुळणारी वाटते, पण ती स्वभावाविषयी आहे आणि तिचा रोख नेमका उलटा आहे: पाणी आपल्या मूळ वाटेनेच जाते, असे ती सांगते. पाणी वळवण्याच्या बातमीला ती मथळा म्हणून देण्याचा मोह टाळावा.

रस्ता, विमान, फोन

वाहतुकीच्या बाबतीत फार अडचण येत नाही. रस्ता बंद असेल तेव्हा ‘वाहतूक वळवली आहे’ हे योग्यच आहे आणि कोणत्या वाटेने वळवली हे सांगण्यासाठी मराठीत ‘मार्गे’ हा अत्यंत सोयीचा शब्द आहे: ‘साताऱ्याकडे जाणारी वाहने कात्रजमार्गे वळवण्यात आली आहेत.’ ब्रिटिश इंग्रजीत अशा तात्पुरत्या वाटेला ‘डायव्हर्जन’ म्हणतात, अमेरिकेत ‘डीटूर’. मराठीत वळवण्याच्या क्रियेसाठी ‘वळवणे’ आणि त्या वाटेसाठी ‘पर्यायी मार्ग’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना ‘डायव्हर्जन’च म्हणतात, त्यामुळे वाक्यात नेमके काय अभिप्रेत आहे ते पाहून शब्द घ्यावा. पुढे डायव्हर्जन आहे, अशी पाटी असेल तर ती ‘पुढे पर्यायी मार्ग’ अशी लिहावी. ‘पुढे वळण’ लिहिले तर चालकाला ते रस्त्याचे साधे वळण वाटते आणि पाटीचा हेतू हुकतो.

विमानाच्या बातमीत थोडा विचार करावा लागतो. मुंबईत मुसळधार पाऊस पडत असताना विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला ‘डायव्हर्ट’ केले, असे इंग्रजीत म्हणतात, तेव्हा त्या शब्दात उतरण्याचे ठिकाण बदलल्याचा अर्थ असतो. ‘विमान हैदराबादकडे वळवले’ एवढ्यावर वाचकाचे समाधान होत नाही, कारण ते तेथे उतरले का, हे त्याला हवे असते. म्हणून ‘खराब हवामानामुळे मुंबईचे विमान हैदराबादला उतरवण्यात आले’ हे वाक्य अधिक उपयोगी आहे. ठिकाण तेच राहून केवळ आकाशातील वाट बदलली असेल तर ते ‘रीरूट’ आहे आणि तेथे ‘विमानाचा मार्ग बदलला’ असे लिहावे.

फोनवरील ‘कॉल डायव्हर्ट’ हा शब्द जुन्या मोबाइल संचांमुळे इतका रुळला आहे की तो तसाच ठेवला तरी चालते. परंतु फसवणुकीपासून सावध करणाऱ्या सूचनेत तो उलगडून सांगणे मी आवश्यक मानतो. एखादा भामटा फोनवर बोलता बोलता ग्राहकाला एक संकेत दाबायला लावतो आणि त्या क्षणापासून ग्राहकाचे फोन भामट्याच्या क्रमांकावर जाऊ लागतात. अशा वेळी ‘कॉल डायव्हर्ट ॲक्टिव्हेट होतो’ असे लिहिल्याने वयस्कर वाचकाला काहीच बोध होत नाही. ‘तुम्हाला येणारे फोन परस्पर दुसऱ्याच्या क्रमांकावर जाऊ लागतात, ते तसे वळवले आहेत का, हे *#२१# दाबून पाहता येते आणि ##००२# दाबून वळवणे बंद करता येते’ असे लिहिले तर त्याला काय करायचे ते कळते.

पैसा आणि जमीन: ‘वळती’ या शब्दाची ताकद

पैशाच्या बाबतीत मराठीकडे ‘वळता करणे’ हा एक असा शब्दप्रयोग आहे, ज्याची इंग्रजीला बरोबरी करता येत नाही. साखर कारखाना शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून सोसायटीच्या कर्जाचा हप्ता वळता करून घेतो. बँक एखाद्या खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करते. या शब्दात हिशेब जुळवल्याचा भाव आहे आणि तो मुळात निर्दोष आहे. त्याच्याआधी ‘परस्पर’ हा एक शब्द आला की मात्र सगळे बदलते. ‘पीक विम्याची रक्कम कर्जखात्यात वळती केली’ ही नोंद झाली. ‘पीक विम्याची रक्कम परस्पर कर्जखात्यात वळती केली’ ही तक्रार झाली. मालकाची संमती होती का, हा जो चौथा प्रश्न मी आरंभी मांडला, त्याचे उत्तर मराठीत असे एका शब्दाने देता येते. म्हणून इंग्रजी मजकुरात ‘पूर्वकल्पना न देता’ किंवा ‘संमतीशिवाय’ असे काही असेल तर ‘परस्पर’ अवश्य वापरावा, आणि तसे काही नसेल तर तो स्वतःच्या पदरचा घालू नये.

सार्वजनिक निधीच्या बातमीत हा विवेक अधिकच लागतो. रस्त्यासाठी मंजूर झालेला निधी पाणीयोजनेवर खर्च झाला तर तो ‘वळवला’. तो कोणाच्या खिशात गेला तर तो ‘अपहार’. या दोहोंच्या मध्ये ‘गैरवापर’ आहे. रिझर्व्ह बँकेच्या, हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांविषयीच्या नियमांतही असाच भेद केलेला आहे: ज्या कामासाठी कर्ज मंजूर झाले ते सोडून दुसऱ्या कामात पैसा घालणे, उदाहरणार्थ खेळत्या भांडवलासाठी घेतलेले अल्प मुदतीचे कर्ज दीर्घ मुदतीच्या कामात अडकवणे, हे ‘डायव्हर्जन’, आणि कर्जदाराच्या उद्योगाशी संबंध नसलेल्या कामासाठी पैसा बाहेर काढून उद्योगाच्या आर्थिक प्रकृतीला धोका पोहोचवणे हे ‘सायफनिंग’. पहिल्याला ‘निधी अन्यत्र वळवणे’ आणि दुसऱ्याला ‘निधी बाहेर काढून घेणे’ असे म्हणता येईल. मराठी बातम्यांत दोन्हींना सरसकट ‘घोटाळा’ म्हटले जाते. एकाच शब्दाने दोन वेगळ्या आरोपांचे वजन सारखे केल्याने अन्याय होतो, असे मला मनापासून वाटते.

जमिनीच्या संदर्भात शासकीय मराठीने ‘वळतीकरण’ हा शब्द घडवला आहे. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाप्रमाणे (२०२३ पासून त्याचे नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम असे आहे) वनजमीन खाण, रस्ता, धरण अशा वनेतर कामासाठी द्यायची झाल्यास केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते, आणि त्या प्रक्रियेला ‘वनजमिनीचे वळतीकरण’ म्हणतात. शासकीय कागदाचे भाषांतर करताना हाच शब्द ठेवावा, कारण तो आता पारिभाषिक झाला आहे. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिताना मात्र ‘वनजमीन खाणीसाठी दिली’ असे सरळ लिहिणे बरे. जमीन जागची हलत नाही, तिचा वापर बदलतो. ‘वळवली’ म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही.

साखर उद्योगातला वापरही आता रूढ झाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर आधी बंदी घातली आणि काही दिवसांतच १७ लाख टन साखरेची मर्यादा घालून ती सैल केली. तेव्हापासून ‘इथेनॉलकडे वळवलेली साखर’ हा शब्दप्रयोग शेतकऱ्यांच्याही तोंडी आहे. प्रत्यक्षात पोत्यातली साखर कोणी इथेनॉलकडे नेत नाही. जो रस किंवा मळी साखर बनवण्याच्या कामी आली असती ती इथेनॉलकडे जाते आणि तेवढी साखर कमी बनते. नवख्या वाचकासाठी लिहिताना हा खुलासा एका वाक्यात करणे योग्य होईल. अर्थशास्त्रात जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये मांडलेली ‘ट्रेड डायव्हर्जन’ची कल्पनाही याच जातीची आहे: जकात-संघ, म्हणजे आपसांत जकात न लावणाऱ्या देशांचा गट, झाल्यामुळे स्वस्त परदेशी विक्रेत्याऐवजी संघातल्या महाग विक्रेत्याकडून खरेदी होऊ लागते, म्हणजे व्यापार वळतो.

लक्ष आणि मन

सर्वांत जास्त चुका येथे होतात, त्यामुळे येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. ‘लक्ष’ या शब्दाबरोबर मराठीत अनेक क्रियापदे येतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. लक्ष वेधणे म्हणजे स्वतःकडे किंवा एखाद्या प्रश्नाकडे ओढून घेणे; विधिमंडळातली लक्षवेधी सूचना हे त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. लक्ष विचलित होणे म्हणजे ते जागेवरून ढळणे, मग ते कुठेही जावो. आणि लक्ष दुसरीकडे वळवणे म्हणजे ते ठरवून एका नव्या जागी नेणे. इंग्रजीत ‘डिस्ट्रॅक्ट’ आणि ‘डायव्हर्ट’ यांत साधारण हाच भेद आहे. डिस्ट्रॅक्टच्या मुळाशी ओढण्याची क्रिया आहे: मन इकडून तिकडून ओढले जाते आणि विस्कटते. डायव्हर्टमध्ये ते विस्कटत नाही, दुसऱ्या वाटेला लागते. शेजारच्या मंडपातल्या ध्वनिवर्धकामुळे परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याचे लक्ष विचलित होते. तेथे ‘वळवले’ म्हणता येत नाही. एखादा पुढारी रस्त्यातल्या खड्ड्यांविषयीच्या प्रश्नाला पुतळ्याच्या घोषणेने उत्तर देतो तेव्हा तो लोकांचे लक्ष वळवतो. तेथे ‘विचलित करतो’ हे अपुरे पडते.

बोलण्यातला विषय वळवला जातो तेव्हाची मराठी तर फारच नेमकी आहे. विषय नकळत बदलला तर विषयांतर झाले. एका विषयातून नसत्या शंका काढून तो लांबवला तर विषयाला फाटे फोडले. मुद्दा अंगावर येऊ नये म्हणून शिताफीने बाजूला ठेवला तर मुद्द्याला बगल दिली. श्रोत्याला चुकीचे चित्र दाखवले तर दिशाभूल केली, आणि काही दिसूच नये अशी व्यवस्था केली तर धूळफेक केली. ‘विषय डायव्हर्ट करू नका’ असे वाक्य आता चर्चांत सतत ऐकू येते. त्यातून वक्त्याला यांपैकी नेमका कोणता दोष दाखवायचा आहे, ते कळत नाही. ‘मुद्द्याला बगल देऊ नका’ म्हटले की समोरच्याला उत्तर द्यावे लागते.

चोरीच्या बातम्यांतही तयार मराठी उपलब्ध आहे. रस्त्यात ज्येष्ठ महिलेला गाठून भामट्यांनी तिचे लक्ष डायव्हर्ट केले आणि दागिने नेले, असे लिहिण्याऐवजी ‘बोलण्यात गुंतवून दागिने लांबवले’ हे शब्द वर्षानुवर्षे पोलीस आणि वार्ताहर वापरत आले आहेत, आणि ते योग्यच आहेत. ‘गुंतवणे’ या क्रियापदात लक्ष कुठे ठेवले गेले ते कळते, आणि ‘लांबवणे’ मध्ये हात कुठे गेला ते.

मनाकडे आलो की इंग्रजी शब्दाची दुसरी बाजू उघडते. सतराव्या शतकात इंग्रजीत ‘डायव्हर्ट’ला करमणूक करण्याचा अर्थ मिळाला आणि आजही ‘डायव्हर्टिंग’ म्हणजे मनोरंजक, ‘डायव्हर्जन’ म्हणजे विरंगुळा. वळवण्यातून करमणूक कशी आली, याचे उत्तर सोपे आहे. मन चिंतेकडे धावत असते. गाणे, खेळ, गप्पा त्याला तिथून बाजूला नेतात. फ्रेंच विचारवंत पास्कालने याच कारणासाठी ‘दिव्हर्तिसमाँ’ या शब्दाला गंभीर अर्थ दिला: माणूस मृत्यूचा विचार टाळण्यासाठी स्वतःला सतत कशात तरी गुंतवून ठेवतो. संगीतात अठराव्या शतकात हलक्याफुलक्या वाद्यरचनांना ‘डिव्हर्टिमेंटो’ हे नाव पडले. मोझार्टने अशा अनेक रचना केल्या. या अर्थाने मराठीत ‘वळवणे’ कधीच चालत नाही. येथे रमवणे, रिझवणे, करमणूक, विरंगुळा हे शब्द आहेत, आणि त्यांतही छटा आहेत. दुःखातल्या माणसाचे मन रमवायचे असते, दरबाराला किंवा प्रेक्षकांना रिझवायचे असते, आणि विरंगुळा कामाने थकलेल्याला हवा असतो. लहान मूल असेल तर भुलवणे. काऊचा घास, चिऊचा घास म्हणत, अंगणातला कावळा दाखवत आई मुलाच्या तोंडात वरणभाताचा घास सरकवते, तेव्हा घडते ते अगदी शुद्ध ‘डायव्हर्ट’ असते. घास नको म्हणून मिटलेले तोंड कावळ्याकडे पाहताना आपोआप उघडते.

आणि आता ‘मन वळवणे’ पुन्हा एकदा. मन वळवणे म्हणजे पटवून देणे, हे एकदा ध्यानात ठेवले की चूक टळते. ‘मन दुसरीकडे वळवणे’ लिहिले तर अर्थ बराचसा जमतो, कारण ‘दुसरीकडे’ या शब्दाने दिशा येते. ‘दुसरीकडे’ गाळले की वाक्य थेट समजूत घालण्याकडे जाते. एका शब्दावर एवढे अवलंबून असते, म्हणून मी अशा जागी ‘वळवणे’ टाळतो.

युद्धातला ‘डायव्हर्जन’ म्हणजे शत्रूची फौज खोट्या जागी गुंतवणे. त्यासाठी हुलकावणी, चकवा हे आपले शब्द आहेत. ५ एप्रिल १६६३ च्या लाल महालावरील छाप्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून मोगल फौजेला त्या उजेडामागे धावायला लावले आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, ही परंपरेने चालत आलेली कथा मराठी मुलांना पाठ असते. इंग्रजीत तिचे वर्णन या शब्दावाचून होणार नाही. मराठीत ‘कात्रजचा घाट दाखवणे’ असा वाक्प्रचारच त्यातून तयार झाला आहे. संदर्भ जुळत असेल तर फसवून भलतीकडे धाडण्याच्या अर्थाने तो जरूर वापरावा.

कर्ता कुठे आहे, ते पाहा

इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा कर्मणी प्रयोगात येतो: पाणी वळवले गेले, पैसे वळवले गेले, विमान वळवले गेले. त्यात वळवणारा दिसत नाही. मराठीत ‘वळणे’ आणि ‘वळवणे’ ही दोन क्रियापदे वेगळी असल्याने आपल्याला निर्णय घ्यावाच लागतो. ‘गर्दी मैदानाकडे वळली’ म्हणजे लोक आपण होऊन गेले. ‘गर्दी मैदानाकडे वळवली’ म्हणजे पोलिसांनी नेली. ‘निधी दुसऱ्या कामाकडे वळला’ असे वाक्य माझ्यापुढे संपादनासाठी आले तर मी ते परत पाठवतो, कारण निधी आपण होऊन कुठेही वळत नाही. कर्ता माहीत असेल तर त्याचे नाव घ्यावे: ‘ग्रामपंचायतीने शाळेच्या दुरुस्तीचा निधी सभागृहाकडे वळवला.’ माहीत नसेल तरच ‘वळवण्यात आला’ लिहावे, आणि मग तो कोणी वळवला, हे विचारण्यासाठी बातमीदाराला पुन्हा फोन करावा.

इंग्रजी वाक्यात या क्रियापदाला ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ असे दोन हात असतात. मराठीत पहिला हात अनेकदा गळून पडतो. ‘पोलीस बंदोबस्त मोर्चाकडे वळवला’ या वाक्यात तो कुठून काढला ते नाही, आणि खरी बातमी कधी कधी तेथेच असते: ‘रात्रगस्तीवरचे पोलीस काढून मोर्चाच्या बंदोबस्ताला लावले.’ येथे ‘वळवणे’ हे क्रियापद उरलेही नाही आणि अर्थ मात्र पूर्ण आला.

शेजारच्या शब्दांविषयी थोडेसे. ‘अव्हर्ट’ म्हणजे टाळणे. अपघात ‘अव्हर्ट’ होतो, ‘डायव्हर्ट’ होत नाही. ‘डीव्हिएशन’साठी संख्याशास्त्राने ‘विचलन’ घेतले आहे, म्हणून नदीच्या किंवा निधीच्या संदर्भात ‘विचलन’ लिहू नये. ‘डायव्हर्सिफाय’ म्हणजे वैविध्य आणणे. शेतकऱ्याने उसाबरोबर भाजीपाला घेतला तर त्याने पिकांत वैविध्य आणले, ऊस मोडून भाजीपाल्याकडे गेला तर तो वळला. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ मध्ये ‘डायव्हर्जन’चे एक तत्त्व आहे: कायद्याच्या कचाट्यात आलेल्या बालकाचा प्रश्न शक्य तेथे न्यायालयीन कार्यवाही न करता सोडवावा. पालकांसाठीच्या पत्रकात त्याला जड संस्कृत नाव देण्याऐवजी हे वाक्यच द्यावे.

त्या लसीकरण पत्रिकेच्या पुढच्या आवृत्तीत वाक्य बदलण्याची संधी मला मिळाली. ‘सुई टोचताना मुलाला मांडीवर धरावे आणि खेळणे दाखवून किंवा गाणे म्हणून त्याला भुलवावे’ असे मी लिहिले आणि छपाईपूर्वी त्याच परिचारिकेला वाचून दाखवले. तिने ‘भुलवावे’ ठेवले आणि ‘खेळणे’ खोडून ‘खुळखुळा’ केले, कारण दीड महिन्याच्या बाळाला खेळण्यापेक्षा आवाज लवकर कळतो.